पीतबिंदूच्या ऱ्हासासाठीच्या कॅप्सूल: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेले सात महिने मी डोळ्यांसाठीच्या पूरक पोषक घटकांची कॅप्सूल रोज घेत आहे. तीन डबे संपले, चौथा चालू आहे, तेव्हा आता तिच्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. उत्पादनाचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझी मुख्य तक्रार या एकाच उत्पादकापुरती नाही. औषधांच्या दुकानात हातात घेऊन पाहिलेल्या अशा बहुतेक डब्यांना ती लागू पडते. शिवाय या कॅप्सूलमध्ये काय असते हे काही गुपित नाही. ते एका जाहीर संशोधनातून आलेले सूत्र आहे आणि अनेक कंपन्या थोड्याफार फरकाने तेच विकतात. डबा कोणाचाही असो, तो कसा पारखावा हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

माझे वय ६७ आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत वयोमानाने होणारा पीतबिंदूचा ऱ्हास, म्हणजे मॅक्युलर डिजनरेशन, आहे. तो कोरड्या प्रकारचा असून मध्यम टप्प्यावर आहे. पीतबिंदू म्हणजे दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला जेमतेम काही मिलिमीटरचा भाग. पण वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे त्याच्याच जिवावर चालतात. या भागाखाली ड्रुझेन नावाचे पिवळसर कण साचत जातात. ते किती आणि केवढे आहेत यावरून डॉक्टर आजाराचा टप्पा ठरवतात. माझ्या डाव्या डोळ्याला खिडकीचा गज एका ठिकाणी किंचित वाकलेला दिसू लागला, तेव्हा मी तपासणीला गेले. नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘एरेड्स-२’ सूत्राची कॅप्सूल लिहून दिली आणि एक वाक्य दोनदा सांगितले: याने गेलेली दृष्टी परत येणार नाही, आहे ती टिकण्याची शक्यता वाढेल. हे वाक्य डब्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते, तर या परीक्षणातील निम्मा मजकूर लिहावा लागला नसता. डब्यावर प्रत्यक्षात ‘दृष्टीचे आरोग्य राखण्यास साहाय्यक’ एवढेच आहे आणि शेजारी गाजराचे चित्र आहे.

या सूत्रामागचे काम मोठे आहे आणि ते माहीत असल्याशिवाय डब्यावरच्या आकड्यांना अर्थ येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने १९९२ साली ‘एरेड्स’ नावाच्या पहिल्या अभ्यासासाठी माणसे नोंदवायला सुरुवात केली आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० एकके ई जीवनसत्त्व, १५ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, ८० मिलिग्रॅम जस्त आणि २ मिलिग्रॅम तांबे असे ते रोजचे मिश्रण होते. ज्यांचा आजार मध्यम टप्प्यावर होता, किंवा ज्यांचा एक डोळा आधीच पुढच्या टप्प्यात गेला होता, अशा लोकांत हे मिश्रण घेतल्याने आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. जाहिरातींत हाच आकडा एकटा उभा केलेला दिसतो, म्हणून तो उलगडून सांगते. पाच वर्षांत, नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण २८ जण प्रगत टप्प्यात गेले. पूर्ण मिश्रण घेणाऱ्या शंभरांपैकी २० जण गेले. म्हणजे शंभरांमागे आठ जणांची दृष्टी त्या पाच वर्षांत अधिक सांभाळली गेली. ज्या आजाराच्या कोरड्या प्रकाराला इतकी वर्षे फारसे औषधच नव्हते, त्या आजारात आठ हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. पण उरलेल्या वीस जणांनीही कॅप्सूल नेमाने घेतली होती, हेही विकत घेणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासातून निघाली, ती म्हणजे ज्यांचा आजार अगदी सुरुवातीचा होता त्यांना या मिश्रणाचा फायदा दिसला नाही. मोतीबिंदूवरही त्याचा परिणाम झाला नाही. डोळे निरोगी असताना ‘पुढे त्रास नको’ म्हणून ही कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी या अभ्यासात काहीच आधार नाही. माझ्या ओळखीच्या तीन जणींनी माझा डबा पाहून तो मागवायची तयारी केली होती. त्यांपैकी एकीला मोतीबिंदू आहे आणि दोघींना फक्त चाळिशीचा चष्मा आहे. तिघींनाही मी थांबवले.

आता डब्याकडे वळते. डबा पांढऱ्या प्लॅस्टिकचा आहे आणि त्यावरची घटकांची यादी फिकट करड्या रंगात छापलेली आहे. माझ्या मुलीने भिंग आणि मोजपट्टी घेऊन अक्षरे मोजली, तेव्हा त्यांची उंची एक मिलिमीटरच्या आसपास भरली. हा डबा ज्या माणसासाठी बनवला आहे त्या माणसाला मधोमध धूसर दिसते, फिकट पार्श्वभूमीवरचे फिकट अक्षर त्याला सर्वांत आधी दिसेनासे होते, आणि ही गोष्ट उत्पादकाला ठाऊक नसेल असे मी मानायला तयार नाही. परिणाम असा झाला की समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेली ‘१२० कॅप्सूल’ ही ओळ मला वाचता आली आणि मागच्या बाजूची ‘एक मात्रा = दोन कॅप्सूल’ ही ओळ वाचता आली नाही. पाच आठवडे मी रोज एकच कॅप्सूल घेत होते. यादीतले सगळे आकडे दोन कॅप्सूलचे होते, म्हणजे मला रोज निम्मेच प्रमाण मिळत होते. मुलगी भेटायला आली, तिने सहज डबा हलवून पाहिला आणि महिना उलटूनही तो अर्ध्याहून अधिक भरलेला कसा, असे विचारले. तेव्हा कुठे हा घोळ उघडकीस आला. पाच आठवड्यांनी माझे मोठे नुकसान झाले असेल असे नाही, कारण हे काम वर्षानुवर्षांचे आहे. पण मुलगी आली नसती तर मी वर्षभर तशीच घेत राहिले असते आणि पूर्ण उपचार चालू आहे या समजुतीत राहिले असते, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो.

एककांचा गोंधळ वेगळाच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ई जीवनसत्त्व ४०० एकके असे होते आणि डब्यावर १८० मिलिग्रॅम. मला वाटले, आपण चुकीचा, कमी ताकदीचा डबा आणला. औषधविक्रेत्याने समजावले की कृत्रिम रीतीने बनवलेल्या ई जीवनसत्त्वाची ४०० एकके म्हणजेच १८० मिलिग्रॅम. ही शंका बहुतेक प्रत्येक गिऱ्हाइकाला येत असेल. तरीही डब्यावर त्याचा उल्लेख नाही.

कॅप्सूल लांबट, तपकिरी आणि बरीच मोठी आहे. झाकण उघडले की तेलाचा आणि त्यामागून धातूसारखा वास येतो. गिळायला त्रास होत नाही, कारण वरचा थर गुळगुळीत आहे, पण घशाचा त्रास असणाऱ्यांनी ती एकदा पाहूनच घ्यावी. पहिल्या आठवड्यात मी ती सकाळी रिकाम्या पोटी घेत असे आणि तासाभरात मळमळ सुरू होई. ही मळमळ जस्तामुळे होते. जेवणाच्या मध्यावर घ्यायला लागल्यापासून ती पूर्ण थांबली. जेवणाबरोबर घेण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: यातील ल्युटिन, झिॲक्झॅन्थिन आणि ई जीवनसत्त्व हे तिन्ही घटक स्निग्ध पदार्थात विरघळणारे आहेत, त्यामुळे जेवणात थोडे तरी तेल, तूप, सुका मेवा किंवा अंडे असेल तरच ते नीट शोषले जातात. नुसत्या फळांबरोबर किंवा चहाबरोबर कॅप्सूल घेणे म्हणजे तिचा बराचसा भाग वाया घालवणे होय. डब्यावर ‘अन्नासोबत घ्यावी’ असे दोन शब्द आहेत. का घ्यावी हे नाही.

ल्युटिन आणि झिॲक्झॅन्थिन या दोन नावांमागे या सूत्राच्या दुसऱ्या पिढीचा इतिहास आहे, आणि त्याचा आमच्या घराशी फार जवळून संबंध आला. ही दोन्ही पिवळी रंगद्रव्ये आहेत. पीतबिंदूचा पिवळेपणा त्यांच्यामुळेच आहे. शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात, आणि दृष्टिपटलात पोचल्यावर ती निळ्या प्रकाशाचा काही भाग गाळतात व पेशींची झीज करणाऱ्या रेणूंना आवर घालतात. २००६ साली सुरू झालेल्या आणि २०१३ साली निष्कर्ष आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, म्हणजे एरेड्स-२ मध्ये, चार हजारांहून अधिक लोकांवर हे पाहिले गेले की जुन्या मिश्रणातले बीटा कॅरोटीन काढून त्याजागी १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झिॲक्झॅन्थिन घातले तर काय होते. बीटा कॅरोटीन काढण्याची निकड होती, कारण फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ते पूरक गोळीतून घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के अधिक झाला होता. एरेड्स-२ मध्येही बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसले, आणि ज्यांना तो झाला त्यांतील बहुतेक जण पूर्वी धूम्रपान करणारे होते. २०२२ साली त्याच लोकांचा दहा वर्षांचा आढावा आला, त्यातही बीटा कॅरोटीनबाबत हेच निघाले. ल्युटिनच्या बाबतीत मात्र असा धोका दिसला नाही आणि पीतबिंदूसाठी ते अधिक उपयोगी ठरले.

माझ्या थोरल्या भावाला हाच आजार आहे. दादांनी तीस वर्षे सिगारेट ओढली आणि सोडून त्यांना बारा वर्षे झाली. माझी कॅप्सूल पाहून त्यांनीही एक डबा आणला, आणि तो मला आवडीने दाखवला. नाव वेगळे, पण समोर डोळ्याचे चित्र आणि ‘संपूर्ण सूत्र’ हे शब्द तेच. मुलीने भिंगातून वाचले, तर त्यात ल्युटिन नव्हते, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम होते. ते २००१ सालचे जुने सूत्र होते. दादांना सिगारेट सोडून बारा वर्षे झाली म्हणून आपण ‘ओढणाऱ्यांत’ मोडत नाही असे वाटत होते. डॉक्टरांनी तो डबा बंद करायला लावला. हा परिच्छेद मी मोठा लिहिला याचे कारण एवढेच की ज्यांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केले आहे त्यांनी बाकी काही वाचले नाही तरी चालेल, पण यादीत बीटा कॅरोटीन आहे का, एवढे कोणाकडून तरी वाचून घ्यावे. गाजर किंवा भोपळा खाल्ल्याने हा धोका येत नाही. तो पूरक गोळीतून एकदम मिळणाऱ्या मोठ्या प्रमाणाचा आहे.

मी घेत असलेल्या कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन नाही, ल्युटिन व झिॲक्झॅन्थिन योग्य प्रमाणात आहेत, क आणि ई जीवनसत्त्वही अभ्यासाप्रमाणेच आहे. जस्त ८० मिलिग्रॅम आहे. हे प्रमाण मोठे आहे. प्रौढांसाठी रोजची जी वरची मर्यादा सामान्यतः ४० मिलिग्रॅम मानली जाते तिच्या हे दुप्पट होते. म्हणूनच हे घरच्या घरी सुरू करण्याचे काम नाही. एवढे जस्त दीर्घकाळ घेतले की शरीरातील तांबे कमी पडते आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून मिश्रणात २ मिलिग्रॅम तांबे घातलेले असते. एका स्वस्त डब्यात मी जस्त पूर्ण आणि तांबे मुळीच नाही असे पाहिले. मूळ अभ्यासात जस्त घेणाऱ्यांना मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ काहीशी अधिक आली होती, हे प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलताना आवर्जून सांगावे. एरेड्स-२ मध्ये २५ मिलिग्रॅम जस्तही वापरून पाहिले गेले आणि ८० च्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे पोटाला न सोसणाऱ्यांसाठी काही डॉक्टर कमी जस्ताचा डबा सुचवतात. काही प्रतिजैविकांचे शोषण जस्तामुळे कमी होते, तेव्हा ती चालू असताना दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेबाबत रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी विचारावे. यांतील एकही सूचना माझ्या डब्यात नव्हती.

जाहिरातीसाठी घातलेल्या जास्तीच्या घटकांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांत फारसे काही नाही. याच उत्पादकाचा एक महागडा प्रकार आहे, त्यात बिलबेरी या फळाचा अर्क आणि ओमेगा-३ अधिक आहे. एरेड्स-२ मध्ये ओमेगा-३ ची भर घालून पाहिली होती आणि तिने आजाराची वाटचाल आणखी मंदावली नाही. बिलबेरी तर त्या अभ्यासातच नव्हती. साध्या डब्यावर माझे समाधान आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या ११ नेत्रपूरकांची तपासणी झाली होती. त्यांपैकी केवळ चारांत घटकांचे प्रमाण मूळ अभ्यासाइतके होते. त्यामुळे नाव, चित्र आणि किंमत यांवरून काहीच ठरवता येत नाही, आकडेच जुळवून पाहावे लागतात.

डब्यासोबत ‘डोळ्यांसाठी आहार’ नावाचे एक चार पानी पत्रक येते. खरे सांगायचे तर मला कॅप्सूलपेक्षा या पत्रकाकडून अधिक अपेक्षा होती, आणि निराशाही तिथेच अधिक झाली. सगळ्या नेत्रविकारांना एकाच आहारात बसवून टाकलेले आहे. काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार, डोळे कोरडे पडणे आणि पीतबिंदूचा ऱ्हास यांची नावे एका ओळीत आणि खाली सर्वांना एकच सल्ला: गाजर, पालेभाज्या, मासे. गाजराचे माहात्म्य अ जीवनसत्त्वातून आले आहे. दृष्टिपटलातील ऱ्होडॉप्सिन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारे द्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते आणि त्याची खरी कमतरता झाली की रातांधळेपणा येतो, हे पूर्णपणे खरे आहे. पण ज्याला कमतरता नाही त्याने अधिक गाजरे खाल्ल्याने नजर अधिक तीक्ष्ण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक रात्री गाजरांमुळे पाहू शकतात अशी कथा पसरवली गेली, तेव्हा खरे काम विमानातील रडार करीत होते.

या सरसकटपणाचे कोणाला नुकसानही होऊ शकते, म्हणून मी त्याबाबत कठोर आहे. स्टारगार्ड नावाच्या आनुवंशिक आजारात पीतबिंदूखाली अ जीवनसत्त्वापासून निघालेली टाकाऊ द्रव्ये साचतात आणि अशा रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळायला सांगितले जाते. त्यांच्या हाती ‘डोळ्यांना अ जीवनसत्त्व द्या’ असे सांगणारे पत्रक पडणे बरे नव्हे. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडत असेल तर कोणत्याही कॅप्सूलपेक्षा रक्तातील साखर, रक्तदाब आणि त्यांना सांभाळणारा रोजचा आहार हेच खरे औषध आहे. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांच्या १९९३ साली पूर्ण झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवणाऱ्यांपैकी ज्यांचे दृष्टिपटल सुरुवातीला निरोगी होते, त्यांना हा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. पत्रकात मधुमेहाचे नाव आहे, साखरेचा शब्द नाही. कोरड्या डोळ्यांसाठी पत्रक ओमेगा-३ च्या गोळ्या सुचवते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर रोज ३ ग्रॅम घेणाऱ्यांना, तुलनेसाठी ऑलिव्ह तेल दिलेल्यांपेक्षा अधिक आराम पडलेला दिसला नाही.

पालेभाज्यांचा सल्ला मात्र योग्य आहे आणि पत्रकाने तो अधिक नीट सांगायला हवा होता. शिजवलेल्या पालकाच्या अर्ध्या कपात ल्युटिन व झिॲक्झॅन्थिन मिळून सुमारे १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे कॅप्सूलमधल्या प्रमाणाच्या जवळपास. अंड्याच्या बलकात ती फार थोडी असतात, पण बलकातील स्निग्धांशामुळे चांगली शोषली जातात. मका आणि केशरी ढोबळी मिरची यांतून झिॲक्झॅन्थिन मिळते. एरेड्स-२ मध्ये ज्यांच्या आहारात ही द्रव्ये सर्वांत कमी होती, त्यांनाच ती गोळीतून दिल्याचा फायदा अधिक ठळकपणे दिसला; रोज हिरव्या भाज्या खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तरीही जस्त आणि ई जीवनसत्त्व यांचे अभ्यासातले प्रमाण कितीही चांगल्या जेवणातून भरून निघत नाही, त्यामुळे मध्यम टप्प्यावरच्या माणसाने कॅप्सूलऐवजी पालक असा पर्याय काढू नये. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडण्याची गरज नाही. मात्र त्यांतील के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते, म्हणून रोजचे प्रमाण एकसारखे ठेवावे आणि वाढवायचे असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे.

पत्रक लिहिणाऱ्याने ही भाजी धूसर दिसणारा माणूस स्वतः निवडतो, धुतो आणि शिजवतो, याचा विचारच केलेला नाही. मला आता पानावरचा माती-वाळूचा कण दिसत नाही. मी पालक पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात सोडते, हलवते, पाने वर उचलून घेते आणि पातेल्याच्या तळाशी बोटे फिरवते; बोटांना खर लागेनाशी होईपर्यंत पाणी बदलते. बहुधा तीन पाणी लागतात. पिवळे पडलेले पान नजरेने ओळखत नाही, तेव्हा देठ मोडून पाहते. ताजे असेल तर कट्कन तुटते. मासे काट्यांसकट आणणे मी बंद केले, काटे काढलेलेच घेते. गडद रंगाचे पदार्थ पांढऱ्या ताटलीत आणि फिकट पदार्थ गडद ताटलीत वाढले की ताटात काय कुठे आहे ते कळते आणि जेवण पुरते संपते. माझ्यासारख्या अनेकांचे जेवण दिसत नसल्याने कमी होत जाते, आणि मग त्याची भरपाई म्हणून घरातले लोक गोळ्या आणतात. चार पानांच्या पत्रकात एक पान या गोष्टींना मिळाले असते तर ते पत्रक मी जपून ठेवले असते.

सात महिन्यांत काय फरक पडला, हे मला अनेक जण विचारतात. फरक पडलेला नाही, आणि या कॅप्सूलकडून हीच अपेक्षा आहे. मी दर सोमवारी सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, ॲम्सलरचा चौकटींचा तक्ता हातभराहून थोड्या कमी अंतरावर धरून मधल्या ठिपक्याकडे पाहते. डाव्या डोळ्याला उजवीकडच्या दोन रेषा जिथे वाकलेल्या दिसत होत्या तिथेच, तेवढ्याच वाकलेल्या दिसतात. सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्येही बदल नव्हता. पण एका माणसाच्या एवढ्या काळावरून कॅप्सूल चालते की नाही हे ठरत नाही. ती घेतली नसती तरी कदाचित असेच राहिले असते. माझा विश्वास माझ्या डोळ्यांवरून बसलेला नाही, हजारो लोकांच्या पाच वर्षांवरून बसलेला आहे. ज्यांना एखादी रेष अचानक अधिक वाकडी दिसेल किंवा मध्येच काळा डाग येईल, त्यांनी कॅप्सूल वाढवून वाट पाहू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तो या आजाराचा ओला प्रकार, म्हणजे पीतबिंदूखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून गळू लागणे, असू शकतो आणि त्यावर वेळेत दिलेल्या इंजेक्शनांचा उपयोग होतो.

गुणांत सांगायचे तर आतल्या मिश्रणाला मी पाचांपैकी साडेचार देईन, अर्धा गुण कॅप्सूलच्या आकारासाठी कापून. पत्रकाला दोन. डब्याला एकही नाही. कॅप्सूल मी चालू ठेवणार आहे.

दुसरा डबा संपला तेव्हा मी उत्पादकाला पत्र लिहून तीन गोष्टी मागितल्या: समोरच्या बाजूला काळ्या ठळक अक्षरांत ‘रोज दोन, जेवणासोबत’, ‘बीटा कॅरोटीन नाही’ ही ओळ, आणि झाकणावर बोटाला कळेल असा एखादा उंचवटा, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्याशी गल्लत होणार नाही. नम्र उत्तर आले की सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. चौथा डबा गेल्या आठवड्यात आला. मुलीने पुन्हा मोजपट्टी लावली; अक्षरे तेवढीच आहेत. झाकणाला मी जाड रबरबँड घातला आहे आणि समोरच्या बाजूवर काळ्या मार्करने बोटभर उंचीचा ‘२’ काढला आहे. तो मला खोलीच्या दारातूनही दिसतो.